संतांचे दोष कुणी गाळायचे?

संतांच्या चरित्रात त्यांच्या चुका लिहाव्यात का, यावरून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या जुंपली आहे. धाकट्या काकांचं म्हणणं, लोकांच्या भावना दुखावतात, मग उकरून काढायचंच कशाला? भाची म्हणते, खरं असेल तर लिहायलाच हवं. मी इटलीत सिएनाला राहते आणि पूर्णपणे भाचीच्या बाजूची आहे. याचं कारण ख्रिस्ती संत ऑगस्टीन.

ते मूळचे आजच्या अल्जीरियातले. जन्म ३५४चा, थागास्ते गावातला. पुढे तिथल्याच हिप्पो शहराचे बिशप, म्हणजे ख्रिस्ती धर्माधिकारी झाले आणि ४३० साली शहराला व्हँडल टोळ्यांचा वेढा पडला असताना तिथेच वारले. बिशप असताना, पंचेचाळिशीच्या आसपास, त्यांनी ‘कन्फेशन्स’ (कबुलीजबाब) हे आत्मकथन लिहिलं. सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर रात्री पेअरचं झाड झोडपलं, भूक नव्हती, घरी याहून चांगली फळं होती, बहुतेक डुकरांपुढे टाकली. चोरी करण्यात मजा होती म्हणून केली, असं ते सांगतात. त्यांचा सगळा विचार इथूनच उभा राहतो: माणसाची इच्छाच वाकडी झालेली असते, ती स्वतःच्या बळावर सरळ होत नाही, त्याला देवाची कृपा लागते. चोरी गाळली तर हा विचार अधांतरी राहतो. आपल्या तुकोबांनी तरी काय लपवलं? दिवाळं निघालं, दुष्काळात बायको अन्न अन्न करत गेली, हे त्यांनीच अभंगात सांगून ठेवलंय.

काकांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. स्वतः कबूल करणं वेगळं, दुसऱ्याने सांगणं वेगळं. इथून जवळच सान जिमिन्यानोच्या चर्चमध्ये बेनोत्सो गोत्सोली या चित्रकाराने १४६४-६५मध्ये ऑगस्टीन यांचं आयुष्य सतरा भित्तिचित्रांत रंगवलंय. पहिल्याच चित्रात शाळा आहे. गुरुजी उघड्या ढुंगणाच्या एका पोराला छडीने बडवतायत, आणि शेजारी छोटा ऑगस्टीन शहाण्यासारखा पाटी धरून उभा. (चित्रातलं थागास्ते अगदी इथल्या टस्कनी प्रांतातलं गाव वाटतं, आफ्रिकेचा मागमूस नाही.) ‘कन्फेशन्स’मध्ये मात्र मार खाणारे ते स्वतःच आहेत!

आणि त्या सतरा चित्रांत एक प्रसंग नाहीच. ऑगस्टीन यांच्याबरोबर पंधराएक वर्षं राहिलेली, त्यांच्या मुलाची, अदेओदातुसची आई. मिलानमध्ये त्यांना चांगल्या घरची मुलगी सांगून आली, तेव्हा हिला आफ्रिकेत परत पाठवलं. मुलगी लहान, लग्नाला दोन वर्षं अवकाश, म्हणून मधल्या काळात त्यांनी दुसरीच बाई ठेवली. हेही त्यांनीच लिहिलंय.

काका, दोष गाळताना नुसता संतांचा डाग पुसला जात नाही, ज्या माणसाला तो दोष भोवला तेही पुसलं जातं. या बाईचं नाव ऑगस्टीन यांनीही दिलेलं नाही. मुलाला त्यांच्याकडे ठेवून, यापुढे दुसऱ्या पुरुषाबरोबर राहणार नाही अशी शपथ घेऊन ती परत गेली, एवढंच ते सांगतात. ते पान कुणी भावनांच्या नावाखाली काढून टाकलं असतं, तर ती होऊन गेली हेसुद्धा आपल्याला कळलं नसतं.