पोरगी अजून बोलते? उपाय आहे

घरात चौदा-पंधरा वर्षांची मुलगी आहे आणि ती अजूनही तुमच्याशी चार वाक्यं धड बोलते? मग तुम्ही कुठेतरी कमी पडताय. घाबरू नका, वेळ गेलेली नाही.

सुरुवात पहाटेपासून करा. वयात येताना झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा पाझरतं, झोप तास-दोन तास पुढे सरकते, शिवाय या वयाला आठ ते दहा तास झोप हवी, असं डॉक्टर म्हणतात. म्हणू द्या. तुम्ही सहाला पंखा बंद करा. धोरणही तुमच्याच बाजूचं आहे: २०२४ मध्ये राज्य सरकारने नऊच्या आधी शाळा नको असं ठरवलं, ते चौथीपर्यंतच्यांसाठी. चौथीतली पोरं तशीही रात्री नऊला गाढ झोपतात. जिला अकरापर्यंत डोळा लागत नाही, तिची सातची शाळा शाबूत.

तिच्या खोलीचं दार वाजवू नका. स्वतःच्या घरात कसलं दार वाजवायचं? शाळेतून आल्या आल्या "किती पडले?" आणि पाठोपाठ "हायेस्ट किती?" विचारा. ती "काही नाही" म्हणाली, की "तोंड का पाडलंयस?"

एवढं करूनही कधीतरी रात्री साडेअकराला ती स्वयंपाकघरात येईल. फ्रीज उघडून नुसतीच उभी राहील. आणि पाठमोरीच म्हणेल, "आई, डबा खाताना मला कुणी बोलवत नाही हल्ली."

इथे फार सांभाळायचं. तुम्ही "हं" म्हणून ओटा पुसत राहिलात, तर ती पुढचंही सांगेल. कुणी काय म्हटलं, कुठल्या ग्रुपमधून काढलं, रडेलसुद्धा. तासभर मोडेल. म्हणून तिचं वाक्य संपायच्या आत, "तूच काहीतरी बोलली असशील." तेवढ्याने भागलं नाही तर, "मैत्रिणी काय चाटायच्यात? दहावी आहे यंदा." आणि फ्रीज लाव आधी, बिल कोण भरतं? सकाळी हेच सगळं मावशीला फोनवर सांगा, पोरीला ऐकू जाईल इतक्या आवाजात. पुन्हा येणार नाही ती फ्रीजपाशी.

बाबांचं काम सोपं. क्लासला सोडताना गाडीवर मागे बसलेली पोरं मध्येच बोलून जातात. नजर द्यावी लागत नाही ना! तेवढ्या वेळात कानात ब्लूटूथ घालून ऑफिसचे फोन उरकावेत. (गाडी चालवताना धोक्याचं आहे, पण संस्कारात बसतं.)

आणि ती आठवडेच्या आठवडे नीट जेवत नसेल, आवडीचं कथक तिने सोडलं असेल, "माझा काय उपयोग" म्हणत असेल, तर त्याला 'नाटकं' म्हणतात. १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी 'टेली मानस' हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलतात. तो लिहून ठेवू नका. उद्या स्थळं बघायची आहेत, घरात असला नंबर कुणाला सापडला तर?