मेट्रोच्या बोगद्यातलं ‘तांबं’

हिरवट दगडांचा फोटो आणि खाली मजकूर: ‘मुंबई प्राचीन ज्वालामुखीवर वसली आहे. जपान-कॅनडात अशाच खडकांत तांबं-जस्त सापडतं. हिरवा दगड ही त्याची खूण, चकाकणारे कण सोन्याचे. मेट्रोच्या बोगद्यातून निघालेला हा खजिना राडारोडा म्हणून भरावात जातोय.’ नात्यातल्या प्रत्येक ग्रुपवर हे फिरतंय.

ज्वालामुखीचं खरं आहे. पण जपानच्या कुरोको किंवा कॅनडाच्या नोरांडा भागातले साठे समुद्राच्या तळाशी घडले. समुद्राचं पाणी भेगांतून खोल उतरलं, ३०० अंशांच्या आसपास तापलं, खडकातले धातू घेऊन वर आलं आणि थंड पाण्यात मिसळताच ते धातू गंधकाशी संयोग पावून साचले. मुंबई ज्यावर उभी आहे तो दख्खनचा लाव्हा मात्र बहुतांशी जमिनीवर पसरला. मुंबईत काही थर पाण्यात थिजलेत खरे, पण वरळीच्या थरांत बेडकांचे जीवाश्म मिळतात. बेडूक काही खोल समुद्रात राहत नाहीत.

हिरव्या रंगाबाबत मात्र फॉरवर्ड लिहिणाऱ्याने अर्धवट का होईना, खरी गोष्ट ऐकलेली दिसते. गरम पाण्याने खडक बदलला की नवी खनिजं बनतात आणि खाणी शोधणारे त्यांचा माग काढतात. फक्त ते रंग बघत नाहीत, मांडणी बघतात. नोरांडासारख्या ठिकाणी साठ्याच्या खाली बदललेल्या खडकाचा उभा नळ असतो: मध्ये क्लोराइट हे हिरवं खनिज, भोवती सेरिसाइट म्हणजे बारीक अभ्रक, आणि खडकातलं सोडियम बरंचसं धुऊन गेलेलं. मुंबईच्या बेसाल्टमध्येही (लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकातही) क्लोराइट आहे, त्यामुळे नुसत्या नावावरून काहीच ठरत नाही. इथे ते आणि सेलाडोनाइट हे दुसरं हिरवं खनिज लाव्हातल्या वायूच्या पोकळ्यांना अस्तरासारखे चिकटलेले असतात. कांदिवलीच्या खदानींतला प्रेहनाइट हा खनिजही हिरवट, आणि सोबतीला झिओलाइट ही पोकळ्यांत वाढणारी खनिजं. झिओलाइट साधारण २०० अंशांखाली बनतात, म्हणजे धातू वाहून आणणाऱ्या त्या ३०० अंशांच्या पाण्यापेक्षा बऱ्याच थंडीत. या सगळ्यातला हिरवा रंग मुख्यतः लोखंडाचा. तांब्याचा हिरवा मॅलाकाइट सौम्य आम्लात फसफसतो, ही खनिजं नाही. (शेजारचा कॅल्साइटही फसफसतो, म्हणून थेंब नेमका हिरव्यावरच टाकावा.)

सोनेरी कण? बिनचकाकीच्या फरशीवर घासा. पायराइटची (सोन्यासारखं चकाकणाऱ्या लोखंड-गंधकाच्या खनिजाची) रेघ हिरवट काळी उमटते, सोन्याची पिवळी.

फॉरवर्डमध्ये नसलेला, पण त्याच्याच बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा अमेरिकेतल्या मिशिगनचा आहे. तिथल्या कीविनॉ भागात सुमारे ११० कोटी वर्षं जुन्या बेसाल्टमध्ये, याच प्रेहनाइट-क्लोराइटच्या सोबतीने, शुद्ध तांबं मिळालं आणि शतकाहून अधिक काळ खणलं गेलं. मात्र तिथे खोलवरच्या खडकांतून निघालेलं तांबं लाव्हाच्या सच्छिद्र माथ्यांत आणि गोट्यांच्या थरांत एकवटलं होतं. दख्खनच्या साध्या बेसाल्टमध्ये तांबं असतं दहा लाख भागांत शे-दोनशे. खाण परवडायला साधारण ५,००० लागतं.