कृषी अभियंता व्हा, पण गावात सांगू नका

अभिनंदन! तीन एकर भाताच्या जिवावर चार वर्षांचं कृषी अभियांत्रिकी करायचं ठरवलंत. आता आधी आपण शेतकऱ्याचंच पोर आहोत हे सिद्ध करा. कर्नाटकात शेतकरी कोट्यातून सीट हवी तर प्रात्यक्षिक परीक्षा असते: बियाणं ओळखा, अवजार ओळखा. लहानपणी हातात खुरपं दिसलं की घरचे ओरडायचे, "ठेव ते, पुस्तक घे." त्याचे मार्क इथं जातात. आणि हो, आमच्या बेळगावकडच्या खानापुरात जी नाचणी, ती त्या परीक्षेत रागी.

लांब रायचूरच्या कॉलेजला नंबर लागला तर फारच छान. जितकं लांब जाल, तितकं "काय शिकालायस रे?" कमी ऐकावं लागेल. खरं उत्तर मात्र कधी देऊ नका. मृद व जलसंधारण म्हणालात की काका म्हणणार, "म्हणजे चर खणायचं की." फार्म मशिनरी म्हणालात तर त्यांचा बंद पॉवर टिलर सुरू होईपर्यंत चहा मिळायचा नाही. पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरचा अवजारं फिरवणारा दांडा, मिनिटाला 540 फेरे घेतो हे तुम्हाला तोंडपाठ. डिझेलच्या पाइपात हवा धरलीय हे ओळखणार दहावी नापास फिटर.

सुट्टीत हौसेनं घरच्या रानाचा उतार मोजू नका. मी मोजला. माती किती वाहून जाते त्याच्या सूत्रात पाऊस, मातीचा पोत, उताराची लांबी, चढ, पीक, बंदिस्ती असं सगळं येतं. वहीभर आकडेमोड करून बांधाची रेघ ठरवली. आप्पा मृगाच्या सरीत गोणपाटाची खोळ घेऊन गेले आणि पाणी जिथं जिथं वळलं तिथं करवंदीच्या काटक्या खोवून आले. त्यांच्या काटक्या नि माझी रेघ, वीतभर फरक. बांध अर्थात काटक्यांवर पडला.

वाईट वाटून घेऊ नका. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली लोखंडी नांगर केला तो याच बेळगावात. लोखंडानं जमीन विषारी होते म्हणून शेतकरी त्याला शिवेनात; पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. पुढं नगरपालिकेलाही त्यांची जागा हवी झाली, आणि 1910 साली ते किर्लोस्करवाडीला गेले. यंत्रवाल्याला गावाबाहेर पोचवायची आमची सवय अशी जुनी आहे.

तेव्हा शेवटच्या वर्षाला गुपचूप बँकेच्या कृषी अधिकारी परीक्षेचा क्लास लावा. पदवी चालते. मग काकांच्या ट्रॅक्टरचं कर्ज तुमच्याच टेबलावरून जाईल. हप्ता थकला की फोन तुम्हाला. ट्रॅक्टर अडला की फिटरला.