नाणं टाकायला इंटरनेट कशाला लागतं?

परवाच्या शनिवारी सकाळी साडेनऊला माझ्या कार वॉशवर अकरा गाड्या रांगेत उभ्या होत्या आणि चारही बे, म्हणजे पैसे टाकून आपली गाडी आपणच धुवायचे गाळे, बंद होते. पाणी होतं, साबण होता, पंप ठणठणीत होते, बॉयलर तापलेला होता. बंद होतं फक्त पैसे घेणारं यंत्र. चारही पडद्यांवर एकच ओळ: सर्व्हरशी संपर्क नाही.

बर्फाच्या मुलखात गाडी न चालवलेल्याला या शनिवारचं मोल कळायचं नाही. इथे अमेरिकेत, ओहायोत हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. ते गाडीच्या पोटाला चिकटून बसतं आणि लोखंड खातं. दहा-बारा दिवस थंडीने गारठवल्यावर पहिलं ऊन पडलं की माणसं गाडी धुवायला धावतात. आमची फेब्रुवारीची कमाई अशा दोन-तीन दिवसांवर असते. नळ्या गोठू नयेत म्हणून रात्र रात्र फवाऱ्याच्या गनमधून पाणी ठिबकत ठेवायचं, फरशीखालचं हीटिंग चालू ठेवायचं, गॅसची बिलं भरायची, ती या दिवसासाठी. आणि त्याच दिवशी मी जॅकेट घालून रांगेतल्या एकेका गाडीच्या काचेवर टकटक करून "माफ करा, आज चालू नाही" असं सांगत होतो. अकरापैकी नऊ गाड्या निघून गेल्या.

तुम्ही म्हणाल, नेट गेलं तर कार्ड चालणार नाही, साहजिक आहे. पण क्वार्टरही चालत नव्हतं! क्वार्टर म्हणजे पंचवीस सेंटचं नाणं. नवीन यंत्राला कंपनीच्या मुख्यालयातला सर्व्हर सापडला नाही की ते स्वतःला कुलूप लावून घेतं आणि नाण्याची फटसुद्धा बंद करतं. खिशातलं खरं नाणं, माझ्या जागेवरची माझी पेटी, आणि मध्ये परवानगी कोणाची, तर शेकडो मैलांवरच्या कुठल्याशा कॉम्प्युटरची. हे मला विकताना कोणी सांगितलं नव्हतं. करारात तेराव्या पानावर होतं म्हणे.

जुनं यंत्र कसं होतं ते सांगतो, म्हणजे चीड का येते ते कळेल. स्टीलच्या दारामागे एक कॉइन अ‍ॅक्सेप्टर. नाणं आत गेलं की तो त्याचा आकार आणि धातू तपासतो. खरं असेल तर पेटीत, नसेल तर खालच्या वाटीत परत. खऱ्या नाण्यामागे टायमरला विजेचा एक ठोका जातो, त्याला आम्ही पल्स म्हणतो. आठ पल्स झाले की चार मिनिटं सुरू. मग गोल बटण फिरवून साबण घ्या, ब्रश घ्या, साधं पाणी घ्या, वॅक्स घ्या. सगळं चोवीस व्होल्टवर. बिघडलं तर मी स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन वीस मिनिटांत दुरुस्त करायचो. बहुतेक वेळा आत चिखल नाहीतर च्युइंगगम सापडायचं.

क्वार्टरचं वजन 5.67 ग्रॅम, व्यास 24.26 मिलिमीटर. 1965 पासून यात फरक नाही. 1999 पासून मागची चित्रं किती वेळा बदलली, पण वजन-माप तेच, म्हणून साठ वर्षांपूर्वीचं नाणं माझ्या जुन्या पेटीत आजही बिनतक्रार चालतं. आणि मी 2018 साली घेतलेले कार्ड रीडर 2022 मध्ये भंगार झाले. त्यांच्यात 3जीचं मोडेम होतं. मोबाइल कंपन्यांनी 3जी बंद केलं आणि चारही रीडर एका महिन्यात मेले. यंत्र उत्तम, पडदा उत्तम, पण आतला एक चिमुकला भाग बदलून मिळेना. विक्रेता म्हणाला, हे मॉडेल आता बंद झालंय, नवीन घ्या. चार वर्षांत दुसऱ्यांदा तोच खर्च. विकताना त्याला माहीत नव्हतं का, की 3जी जाणार आहे? मला नव्हतं माहीत. त्याचा तर हाच धंदा!

मी कार्डाच्या विरुद्ध नाही, हे आधीच स्पष्ट करतो. पंचविशीतली मुलं खिशात नाणी बाळगत नाहीत हे मलाही दिसतं. 2020 मध्ये करोनाने नाणी फिरायची थांबली, फेडरल रिझर्व्हने, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेने, जूनपासून बँकांना रेशनसारखी नाणी मोजून द्यायला सुरुवात केली, तेव्हा माझ्या नोटा मोडणाऱ्या यंत्रात भरायला क्वार्टर मिळत नव्हते. मी दर रविवारी बेच्या पेट्या उघडून तीच नाणी पुन्हा तिकडे ओतायचो. तेव्हा कार्डाने हात दिला. म्हणूनच तर दुसऱ्यांदा पैसे घातले.

पण घातले म्हणजे किती आणि कुठे कुठे? नव्या यंत्राचा चौकोन जुन्या दाराच्या कापात बसत नाही, म्हणून दारं नवी. दारं बसवायला कंपनीचाच माणूस हवा, नाहीतर वॉरंटी रद्द. मग प्रत्येक बेमागे महिन्याचं भाडं. यंत्र मी विकत घेतलंय, तरी भाडं! सॉफ्टवेअरचं म्हणे. मग कार्डाची फी. इथे मोठ्या बँकेच्या डेबिट कार्डावर बँकेला द्यायच्या शुल्काची 2011 पासूनची सरकारी मर्यादा आहे 21 सेंट अधिक रकमेचे 0.05 टक्के, आणि फसवणूक रोखण्याच्या नावाखाली वर आणखी एक सेंट. शंभर डॉलरची विक्री करणाऱ्या दुकानाला ते 27 सेंट पडतात. माझं गिऱ्हाईक दोन डॉलर टाकतं, त्यावर 22 सेंट. अकरा टक्के गेले, आणि मधल्या प्रोसेसरचा, म्हणजे कार्डाचा व्यवहार बँकेपर्यंत पोचवणाऱ्या कंपनीचा, हात अजून यायचाच आहे. लहान रकमांवर पूर्वी कार्ड कंपन्या कमी घ्यायच्या. कमाल मर्यादा ठरली आणि त्यांनी लहान रकमांनाही थेट कमालच लावली. कायदा छोट्या दुकानदाराला दिलासा द्यायला केला होता, आणि सगळ्यात छोट्याचाच गळा आवळला गेला.

गेल्या डिसेंबरात सांगलीला गेलो होतो. स्टँडसमोरच्या चहाच्या गाड्यावर दहा रुपये यूपीआयने दिले. गाड्यावर होता छापील क्यूआरचा एक कागद, त्याला चिकटपट्टी आणि एक बोलका डबा. यूपीआयवर दुकानदाराकडून कापून घ्यायची फी जानेवारी 2020 पासून शून्य आहे. तो खर्च शेवटी कोणाच्या डोक्यावर जातो यावर वाद घाला, पण चहावाल्याच्या दहा रुपयांतले दहा त्याच्या हातात पडतात. मी तिथे कप हातात धरून उभा होतो आणि मला अक्षरशः रडू येत होतं.

पैशापेक्षाही जास्त डोकं फिरतं ते गिऱ्हाइकांचे हाल पाहून. नवीन यंत्र कार्ड लावलं की मीटर वर मोजत जातं. काम झाल्यावर थांबवायचं बटण दाबायचं. ते बटण दाराच्या खालच्या कोपऱ्यात, करड्यावर करडं. ओल्या हाताने, थंडीत, मागे दुसरी गाडी हॉर्न देतेय अशा वेळी कोणाला सुचणार आहे? माणूस गन अडकवून निघून जातो आणि मीटर कमाल रकमेपर्यंत पळतं. शिवाय सुरुवातीलाच कार्डावर वीस डॉलर अडकवून ठेवतात, आणि ते सुटायला कधी कधी दोन-तीन दिवस जातात. नर्सिंगला शिकणारी एक मुलगी रात्री अकराला मला फोन करून रडत होती. खात्यात तीस डॉलर होते, वीस अडकले, दुसऱ्या दिवशी पेट्रोल भरायला पुरेसे पैसे नाहीत. फोन नंबर दारावर माझा लिहिलेला, शिव्या मी खाणार. कंपनीला कळवलं तर कानावर हात. "रक्कम तुमच्या बँकेने अडकवली आहे." बँक म्हणते, यंत्राने मागितली. मी तिला खिशातून वीस डॉलर दिले, कारण तिचं काहीही चुकलं नव्हतं.

आणि आमचे आजोबा. आजोबा मीच म्हणतो. ऐंशीच्या घरातले शेतकरी, मक्याचं शेत विकून टाकलंय, पण जुना पिकअप लेकरासारखा जपतात. दर शनिवारी कॉफीच्या डब्यात क्वार्टर घेऊन येतात. परवा मी दिलगिरी व्यक्त करायला काचेपाशी गेलो, तर डबा मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, "तुझं मशीन आता माझे पैसे घेत नाही होय?" रागावले नव्हते. आपला काळ संपला असं वाटल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा. माझ्या पोटात तुटलं. त्या माणसाचं नाणं चोख आहे, ते नाकारायचा अधिकार या यंत्राला कोणी दिला?

मदतकेंद्रावर एक तास दहा मिनिटं संगीत ऐकलं. मग एक तरुण मुलगा आला. बिचारा सभ्य होता, त्याच्यावर मी ओरडलो नाही. रात्री आपोआप अपडेट गेलं होतं, त्यात काही यंत्रांचा संपर्क तुटला, म्हणाला. सोमवारी इंजिनियर बघेल. शुक्रवारी रात्री अपडेट? हिवाळ्यात? कार वॉशला विकलेल्या यंत्राला? मी नुकसानभरपाई विचारली. करारात तरतूद नाही. महिन्याचं भाडं मात्र काल पूर्ण कापून गेलं, त्या शनिवारचंही.

रविवारी शेडमधून जुना अ‍ॅक्सेप्टर काढला, ब्रशने साफ केला, चौथ्या बेचं दार उघडून टायमरला सरळ जोडला. आठ क्वार्टर टाकले. पंप सुरू झाला. वॉरंटी रद्द झाल्याची मेल येईल, येऊ दे. संध्याकाळी आजोबांना फोन करून सांगितलं, शनिवारी चार नंबरला या. आणि तिसऱ्या बेसाठी दुसरा अ‍ॅक्सेप्टर टेबलावर उघडून ठेवलाय, त्याची एक स्प्रिंग तेवढी मिळायची आहे.