चोवीस तासांत काय पुसलं जातं आणि काय उरतं

अमेरिकेतल्या बंदुकांचा विषय निघाला की एक दावा हमखास पुढे येतो: "दुकानात होणारी पार्श्वभूमी तपासणी हा बहाणा आहे. एफबीआय प्रत्येक खरेदीदाराचं नाव आणि बंदुकीचा नंबर कायमचा साठवते, आणि त्यातून देशभरच्या बंदूकधारकांची यादी केव्हाच तयार झाली आहे." हा दावा बऱ्याच ठिकाणी साफ चुकीचा आहे. एका ठिकाणी मात्र त्यात तथ्य आहे, आणि नेमकं तेच तो सांगत नाही.

आपल्याकडे शस्त्र परवान्यावर हत्याराचा नंबर चढवलेला असतो आणि परवानाधारकाची नोंद राष्ट्रीय डेटाबेसमध्ये असते. त्यामुळे "सरकारकडे यादी असणारच" हे आपल्या वाचकाला चटकन पटतं. अमेरिकेचा कायदा नेमका उलट्या बाजूने लिहिलेला आहे.

"बंदुकीचा नंबर एफबीआयकडे जातो."

जात नाही. खरेदीदार दुकानात फॉर्म ४४७३, म्हणजे बंदूक खरेदीचा ठरलेला सरकारी फॉर्म, भरतो. परवानाधारक दुकानदार त्यातली ओळखीची माहिती, म्हणजे नाव, जन्मतारीख, लिंग, वंश, राहण्याचं राज्य वगैरे, फोनवर किंवा ऑनलाइन एफबीआयच्या 'निक्स' या तपासणी यंत्रणेला कळवतो. सोशल सिक्युरिटी नंबर देणं ऐच्छिक आहे. बंदुकीबद्दल विचारतात ते एवढंच: हँडगन (पिस्तूल, रिव्हॉल्व्हर), लाँग गन (रायफल, शॉटगन) की आणखी काही? कंपनी, मॉडेल, सिरीयल नंबर यातलं काहीच पुढे जात नाही. उत्तर येतं प्रोसीड (मंजूर), डिलेड (निकाल लांबला) किंवा डिनाइड (नकार). सोबत एक व्यवहार क्रमांक मिळतो, त्याला एनटीएन म्हणतात. दुकानदार तो त्याच फॉर्मवर उतरवून ठेवतो. एका तपासणीवर दोन-तीन बंदुका घेता येतात आणि तपासणी होऊनही खरेदी रद्द होऊ शकते. म्हणून तपासण्यांच्या आकड्यावरून बंदुकांची मोजणी करणंही चूक.

"नावं कायमची राहतात."

ही तपासणी ज्याने आणली त्या ब्रेडी कायद्यावर ३० नोव्हेंबर १९९३ रोजी सही झाली, आणि निक्स बरोबर पाच वर्षांनी त्याच तारखेला सुरू झालं. ज्याला मंजुरी मिळाली त्याच्या तपासणीची नोंद नष्ट करायची, फक्त क्रमांक आणि तारीख ठेवायची, हे त्या कायद्यातच लिहिलेलं आहे. किती दिवसांत, हे मात्र लिहिलेलं नव्हतं, आणि सगळी भांडणं त्यावरूनच झाली. सुरुवातीच्या नियमात मुदत सहा महिन्यांची होती. नॅशनल रायफल असोसिएशन ही बंदूकधारकांची संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेली आणि २००० साली अपील न्यायालयात हरली. तरी २००१ मध्ये मुदत ९० दिवसांवर आली, आणि २००४ च्या खर्च विधेयकातल्या अटीने ती थेट २४ तासांवर आणली.

हे २४ तास दुकानदाराला 'प्रोसीड' कळल्यापासून मोजायचे, आणि ते खरेदीदाराची ओळख पटवणाऱ्या माहितीला लागू आहेत. दुकानदाराचा परवाना क्रमांक यासारखा बाकी तपशील जास्तीत जास्त ९० दिवस राहू शकतो. त्यानंतर उरतात एनटीएन आणि तारीख. तो नुसता क्रमांक हातात घेऊन एफबीआयला माणसापर्यंत पोचता येत नाही. त्यासाठी दुकानदाराच्या कपाटातला कागदच काढावा लागतो.

नकार मिळालेल्यांचं तसं नाही. त्यांची नोंद दहा वर्षं तपासणीच्या लॉगमध्ये राहते आणि नंतर एफबीआयच्याच दुसऱ्या इलेक्ट्रॉनिक डेटाबेसमध्ये जाते. लटकलेल्या, म्हणजे 'डिलेड' होऊन निकालच न लागलेल्या तपासण्या ९० दिवसांच्या आत पुसाव्या लागतात. तीन कामकाजाचे दिवस उलटले की दुकानदार निकालाशिवायही बंदूक देऊ शकतो. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारणाऱ्याला बंदूक मिळाली ती अशाच लटकलेल्या तपासणीतून. (खरेदीदार २१ वर्षांखालचा असेल तर २०२२ च्या कायद्याने ही मुदत दहा कामकाजाच्या दिवसांपर्यंत वाढू शकते.)

"लगेच पुसल्याने कुणाचं काय बिघडतं?"

दाव्याची ही दुसरी टोकाची आवृत्ती आहे, आणि आमच्या मते जास्त घातक. मंजुरी चुकीने गेली होती हे बऱ्याचदा नंतर कळतं: कोर्टाचा कागद उशिरा येतो, घरगुती हिंसेची जुनी शिक्षा आठवड्याने सापडते. नाव पुसलेलं असेल तर बंदूक परत कुणाकडून घ्यायची? अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने (जीएओ) २००२ मध्ये हे मोजलं. ९० दिवसांच्या धोरणाच्या पहिल्या सहा महिन्यांत एफबीआयने जपलेल्या नोंदींवरून बंदुका परत घेण्याच्या २३५ कारवाया सुरू केल्या. दुसऱ्याच दिवशी नोंदी पुसल्या असत्या तर त्यातल्या २२८ सुरूच झाल्या नसत्या.

दुसरं नुकसान दुकानदारांच्या पडताळणीचं. एखादा दुकानदार फॉर्मवर एक नाव लिहितो आणि निक्सला दुसरं, स्वच्छ नाव कळवतो. ही लबाडी पकडायची तर दोन्ही बाजूंच्या नोंदी शेजारी ठेवाव्या लागतात. एक बाजू २४ तासांत कोरी होते.

"मग यादी एटीएफकडे असेल."

एटीएफ म्हणजे बंदूक दुकानांना परवाने देणारी केंद्रीय यंत्रणा. दाव्यातलं तथ्य इथे आहे. फॉर्म ४४७३ सरकारकडे नाही, दुकानदाराकडे राहतो. त्यावर मात्र नाव, पत्ता आणि सिरीयल नंबर तिन्ही असतात. पूर्वी तो २० वर्षं जपायचा होता. २४ ऑगस्ट २०२२ पासून दुकान बंद होईपर्यंत जपायचा आहे. दुकान कायमचं बंद झालं की ३० दिवसांत सगळे कागद एटीएफकडे द्यायचे, आणि ते जमा होतात वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गच्या केंद्रात. २०२१ अखेर तिथे अशा ९२ कोटींहून जास्त नोंदी होत्या. बहुतेक स्कॅन केलेल्या आहेत, पण चित्र म्हणून. मजकुरात शोध घेता येत नाही, आणि नावावरून इलेक्ट्रॉनिक शोध घ्यायला पैसा खर्च करण्यावर संसदेची बंदी आहे. गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा माग उत्पादक, घाऊक व्यापारी, दुकान असा काढतात. दुकान बंद झालेलं असेल तर कर्मचारी त्या दुकानाच्या नोंदींची पानं पडद्यावर एकेक उलटत नंबर शोधतो.

राष्ट्रीय नोंदवही तयार करण्याला १९८६ च्या कायद्याने मनाई आहेच. पण एटीएफ कायम रेषेच्या आत राहिली असं नाही. जीएओने २०१६ मध्ये तिच्या चार डेटा प्रणाली तपासल्या, तेव्हा दोन प्रणालींनी संसदेच्या अटी कधी ना कधी मोडल्याचं आढळलं. एकाच वेळी अनेक हँडगन घेतल्याच्या काही नोंदी दोन वर्षांनी पुसायच्या, हा एटीएफचा स्वतःचा नियमही नीट पाळला जात नव्हता. नोंदणीची भीती ज्यांना वाटते त्यांनी हा अहवाल पुढे करावा. एफबीआयच्या तपासणीकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही.

राज्यांचा हिशेब वेगळा. कॅलिफोर्निया स्वतःच्या कायद्याने विक्रीच्या नोंदी ठेवते, २०१४ पासून लाँग गनच्याही. हवाईत तर बंदूक नोंदवावीच लागते. संघीय २४ तासांची अट या राज्य-नोंदींना लागत नाही.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर बंदूक घेता येत नाही. शिकारीचा वैध परवाना हा त्यातला नेहमीचा अपवाद. तो नसताना फॉर्म भरून नकार ओढवून घेतला तर ती नोंद २४ तासांत जात नाही. नकार चुकीचा वाटला तर दुकानदाराकडून एनटीएन मागून घ्या, अपील त्यावरच चालतं. नामसाधर्म्यामुळे प्रत्येक वेळी अडकत असाल तर 'व्हॉलंटरी अपील फाइल'साठी बोटांच्या ठशांसह अर्ज करता येतो. मंजूर झाला की यूपीआयएन नावाचा क्रमांक मिळतो, तो पुढच्या फॉर्मवर लिहायचा. त्या फाइलमधली माहिती एफबीआय जपून ठेवते, पण ती तुमच्या संमतीने.