सॅटचा आकडा म्हणजे कटऑफ नव्हे

मुंबईतल्या पालकांचा कटऑफ वाचण्यात हात कोणी धरू शकत नाही. सीईटी सेलची पीडीएफ उघडायची, व्हीजेटीआय शोधायचं, आपला पर्सेंटाइल दशांशापर्यंत ताडून बघायचा. वर असलो तर मिळालं, खाली असलो तर पुढचं कॉलेज. तिथे हे बरोबरच आहे, कारण प्रवेशच त्या आकड्यावर होतो. गोची होते ती हीच नजर घेऊन अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या याद्या वाचायला बसलं की. यादीत सॅट या तिथल्या प्रवेशपरीक्षेच्या स्कोअरपुढे समजा १५०० ते १५८० लिहिलंय, मुलीला १५४० आहेत, म्हणजे ‘बसतंय’. नाही हो, तसं बसत नाही.

१५०० हा पंचविसावा पर्सेंटाइल आणि १५८० हा पंचाहत्तरावा. ज्यांनी स्कोअर दिला आणि जे प्रत्यक्ष दाखल झाले, त्यांच्यातल्या पाव मुलांना १५०० किंवा त्याहून कमी, पाव मुलांना १५८० किंवा त्याहून जास्त, एवढाच याचा अर्थ. ज्यांना नकार गेला त्यांचे स्कोअर यात कुठेच नाहीत, आणि त्यांतही १५८०वाले भरपूर असतात. शिवाय ९८ प्रश्नांच्या परीक्षेत १५४० आणि १५६० यांच्यातला फरक दोन-तीन प्रश्नांचा. त्यावरून दोन विद्यापीठांत डावं-उजवं करणं म्हणजे निव्वळ करमणूक.

त्याहून मोठी गडबड ‘स्कोअर दिला’ या दोन शब्दांत आहे. कोविडनंतर बहुतेक ठिकाणी सॅट ऐच्छिक झाली. ऐच्छिक असताना १४३०वाला स्कोअर देतच नाही, त्यामुळे खालचं टोक आपोआप वर सरकतं. एमआयटीने (बोस्टनजवळची, कोथरूडची नव्हे) मार्च २०२२ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली; हार्वर्ड आणि कॅलटेकने एप्रिल २०२४ मध्ये तसं जाहीर केलं. कोलंबियाने मात्र २०२३ मध्ये ती कायमची ऐच्छिक ठेवायचं ठरवलं. सक्ती परत आल्यावर एखाद्या विद्यापीठाचा आकडा घसरला तर मुलं ‘कच्ची’ झाली असं नाही. झाकलेले स्कोअर उघडे पडले, इतकंच. कॅलिफोर्नियातली बर्कली आणि यूसीएलए ही विद्यापीठं तर प्रवेशासाठी सॅट बघतच नाहीत. त्यांच्या नावापुढे स्कोअर छापलेला दिसला की ती यादी शिळी समजावी.

खरा आकडा हवा असेल तर विद्यापीठाच्या नावापुढे ‘कॉमन डेटा सेट’ टाकून शोधा; विद्यापीठ ठरावीक नमुन्यात आपली माहिती प्रसिद्ध करतं, तो हा कागद. त्यात सी-९ हा तक्ता. आधी टक्केवारी बघा: दाखल झालेल्यांपैकी किती जणांनी सॅटचा स्कोअर दिला. निम्म्याहून कमी असतील तर पुढचा आकडा अर्ध्या वर्गाचाही नाही. मग ‘कंपोझिट’ची, म्हणजे एकूण स्कोअरची, ओळ वाचा. गणित आणि रीडिंग-रायटिंगचे पंचविसावे पर्सेंटाइल वेगळे घेऊन बेरीज करू नका. एका विषयात मागे असलेला दुसऱ्यातही मागे असतोच असं नाही, म्हणून बेरीज सहसा खऱ्यापेक्षा कमी येते. वरच्या टोकाला उलटं, तिथे ती जास्त येते. बरीच विद्यापीठं परीक्षेच्या वेगवेगळ्या बैठकींतले चांगले भाग जोडून स्कोअर धरतात, म्हणजे तुम्ही मुलाच्या एका बैठकीची तुलना दुसऱ्याच्या दोन-तीन बैठकींशी करत असता. त्याच कागदावर सी-७ मध्ये निबंध, शिफारसपत्रं, शाळेतले मार्क यांना किती वजन आहे ते लिहिलेलं असतं. तो तक्ता फारसं कुणी उघडत नाही.

आता नावाबद्दल. यूएस न्यूज या अमेरिकी प्रकाशनाच्या विद्यापीठ-क्रमवारीत २० टक्के वजन इतर विद्यापीठांचे अध्यक्ष, प्रोव्होस्ट (शैक्षणिक कारभाराचे प्रमुख) वगैरे मंडळी काय मत देतात याला असतं. सॅट आणि तिच्यासारखीच एसीटी या परीक्षांना जेमतेम ५. थोडक्यात, नाव आहे म्हणून नंबर आणि नंबर आहे म्हणून नाव. २०२२ मध्ये कोलंबियाच्याच गणिताच्या प्राध्यापकाने, मायकल थॅडियस यांनी, विद्यापीठाने पुरवलेल्या माहितीतल्या चुका दाखवल्या. त्याच वर्षी कोलंबिया दुसऱ्यावरून अठराव्या क्रमांकावर आली. वर्ग तेच होते, शिकवणारे तेच होते.

आपल्याकडे तरी काय वेगळं? आयआयटी मुंबईत कॉम्प्युटर सायन्स ओपनमध्ये साठ-सत्तरच्या आसपासच्या रँकला बंद होतं, सिव्हिल काही हजारांवर. कॅम्पस एकच, पवईचाच. क्लोजिंग रँक ही मागणी दाखवते. ती शिकवण्याची पत म्हणून वाचली जाते.

पैशांचा प्रश्न असलेल्या घरांनी तर स्कोअरच्या आधी कॉमन डेटा सेटमधला तक्ता एच-६ बघावा: परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना आर्थिक मदत मिळाली आणि सरासरी किती. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट आणि डार्टमथ इथे परदेशी मुलाने मदत मागितली म्हणून त्याच्या प्रवेशावर परिणाम होत नाही. स्टॅनफर्ड आणि कॅलटेकमध्ये होऊ शकतो. आणि स्टॅनफर्डला अर्ज करताना मदत मागितली नाही, तर ‘आत गेल्यावर बघू’ चालत नाही. परदेशी विद्यार्थ्याला ती नंतर मागता येत नाही. तेव्हा तो रकाना अर्ज भरतानाच, घरात आकडेमोड करून भरा.