सुरकुतलेला हापूस आणि लेपाची भानगड

सफरचंद सुरीने खरवडायचं, पांढरा भुगा कॅमेऱ्यासमोर धरायचा आणि ‘परदेशी विष’ म्हणून बोंब ठोकायची. हा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर दरवर्षी येतो. यंदा त्यात हापूस ओढला गेला. देवगडच्या चुलतभावाला, म्हणजे दादाला, कुणीतरी आंब्याला खाण्याजोगा लेप देऊन बघ म्हणून सुचवलं, तर काकांपासून भाच्यापर्यंत सगळे त्याच्यावर तुटून पडले. ‘हापूसला मेण फासणार? लाज वाटू दे!’

माझं डोकंच फिरलं. हॅम्बुर्गहून भलंमोठं उत्तर खरडलं. सफरचंद धुताना त्याचं अंगचं मेण निघून जातं, म्हणून वरून ब्राझीलच्या ताडाचं कार्नौबा मेण नाहीतर लाख चढवतात. आणि लाख म्हणजे काही परकी चीज नव्हे, आपल्या झारखंडात पिकते. भारतातही ही मेणं फळांना चालतात, फक्त लेबलवर तसं छापावं लागतं. तोडलेला आंबा श्वास घेतच असतो. लेपाने आत ऑक्सिजन कमी जातो, बाहेर पाणी कमी उडतं, पिकणं लांबतं. एडेका या इथल्या सुपरमार्केटातले लेपाचे अ‍ॅव्होकॅडो आम्ही खाल्लेत, कुणी मेलं नाही. बंदी असूनही कार्बाइडचे आंबे चापणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये, असंही शेवटी ठोकून दिलं.

काही गोष्टी सोयीने गाळल्या. लेप जाड बसला तर फळ आतल्या आत गुदमरतं आणि त्याला दारूसारखा वास येतो. कायटोसानचा लेप बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून करतात. संकष्टीला आमरस करणाऱ्या काकूंना हे कोण सांगणार? आणि इथल्या लिंबांच्या जाळीवर बारीक अक्षरांत ‘साल खाण्यास योग्य नाही’ असं असतं, तेही.

दादाचं उत्तर दोन ओळींचं. ‘साल तुकतुकीत राहिली तर आंबा तयार झाला हे कळायचं कसं? आढीतून काढताना आपण सुरकुती बघतो ना रे?’

बघतोच की. सुरकुतलेला हापूस पहिला आजोबांच्या ताटात जायचा. इथे तसलं फळ दिसलं की मीसुद्धा ते बाजूला सारून मागचं उचलतो.

खरं सांगायचं तर लेप मलाच हवाय. फळमाशीपायी २०१४ मध्ये युरोपने आपला आंबा बंद केला, पुढच्या वर्षी उघडला. आता तो ४८ अंशांच्या पाण्यात तासभर बुडून, विमानात बसून येतो. गेल्या मे महिन्यात एक डझनाची पेटी घेतली, किंमत आईला अजून सांगितलेली नाही. चार आंबे देठाशी काळे निघाले. रिकामा खोका आठवडाभर स्वयंपाकघरात ठेवला होता, वासासाठी. एरवी पेरूचा, म्हणजे त्या देशाचा, आंबा आणतो. दिसायला देखणा, चवीला पाणी. ‘तिकडे आंबे मिळतात ना रे?’ आई विचारते. मिळतात, म्हणतो.

लेप देठकूज थांबवेलच असं नाही, हेही मला ठाऊक आहे.

रात्री दादाचा वेगळा मेसेज आला, ग्रुपवर नाही. ‘इथे पेटी चार दिवसांत संपते. लेप लागतो तो तुलाच. पुढच्या वर्षी एक लावून पाठवू?’

‘पाठव’ एवढंच लिहिलं आणि फोन उपडा ठेवला.